लाल दोऱ्याचा कोंबडा

आमच्या घरात पहाटे साडेचारला उठणारे दोनच जीव होते. एक सासूबाई, दुसरा कोंबडा. कोण कोणाला उठवतं याचा निकाल पंचवीस वर्षांत लागला नाही. मी उठायची नाही, नुसती जागी व्हायची आणि पडल्यापडल्या दोघांना मनात शिव्या घालायची. मी साताऱ्याकडची, आमच्याकडे शिव्यांची ददात नाही.

हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्या कोंबड्यासाठी रडले असं वाचाल, तेव्हा खोटं वाटेल. मलाही वाटलं होतं.

आमचं घर कोपरखैरण्याच्या गावठाणात. बेलापूरच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी लग्न केलं आणि या आगरी घरात येऊन पडले. घर पुढून बघाल तर तीन मजली, चकाचक, खाली मोबाइलचं दुकान. मागून मात्र वेगळंच नाटक. आमची मागची भिंत आणि पलीकडच्या सोसायटीचं कंपाउंड यांच्यामध्ये आठेक फुटांची पट्टी उरली आहे. तिच्यात एक शेवगा, पाण्याची जुनी टाकी, आणि सासूबाईंचं माहेर.

माहेर म्हणजे कोंबड्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईनं टोपलीत चार कोंबड्या आणि एक कोंबडा घालून दिला होता. छोट्या चणीच्या, काळपट तांबड्या, डोक्यावर पिसांचा तुरा आणि पायांवर निळसर खवले. त्याच कोंबड्यांच्या लेकीसुना, नाती, पणत्या या पट्टीत खुडखुडत होत्या. सासूबाईंचं माहेरचं गाव पनवेलच्या बाजूला, खाडीला लागून. ते विमानतळासाठी उठलं. टेकडी कापली, भराव घातला. सासूबाईंना एकदा मी हौसेनं गाडीतून नेऊन लांबून दाखवलं. "तुमची विहीर कुठे होती, आई?" असं विचारलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, "घरी चल. कोंबऱ्यांना पानी ठेवलं नाय." तेवढंच. ठेवलं होतं, मीच ठेवलं होतं.

कोंबड्या पाळणं म्हणजे दाणे टाकणं आणि अंडी उचलणं, अशी माझी समजूत. सासूबाईंचं शास्त्र पुष्कळ मोठं होतं. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा. दोन ठेवले तर दिवसभर मारामारी, आणि कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं झडून जातात. "एका घरात दोन कोंबरे म्हंजे दोन सासवा," असं त्या म्हणायच्या, आणि एक सासू असलेल्या माझ्याकडे बघून हसायच्या. बापाला त्याच्याच लेकींवर फार वर्षं ठेवायचं नाही. दर दोन वर्षांनी माहेरच्या चुलतबहिणींशी कोंबडा बदलायचा, त्यांचा इकडे, इकडचा तिकडे. गाव उठलं आणि ही देवाणघेवाण संपली. बहिणी चार दिशांना गेल्या, कोणी ब्लॉकमध्ये, कोणी भाड्याच्या खोलीत. सामान हलवताना कोंबड्या कोण नेतो? कापून खाल्ल्या. त्या जातीची शेवटची पाखरं उरली ती आमच्या पट्टीत.

आणि त्या उरलेल्यांतही एक रीत होती. पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की त्यांतला सगळ्यांत देखणा कोंबडा निवडायचा, त्याच्या पायाला लाल दोरा बांधायचा. तो देवीचा. चैत्रात डोंगरावरच्या देवीच्या जत्रेला तो जायचा. दुसरा बरा असेल तो घरी कोंबड्यांत राहायचा, बाकीचे रश्श्यात.

मी ऑफिसात फायली चाळणारी बाई, मला हिशेब लगेच दिसला. दरवर्षी उत्तम तो जातो, दोन नंबरचा वंश चालवतो. वर्षागणिक पाखरू बारीक होत होतं, अंडी कमी फुटत होती. एकदा मी म्हटलं, "आई, एखाद्या वर्षी दोन नंबरचा द्या की देवीला. चांगला घरात ठेवा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना गंजलेलं ताट दिलंय. "तुजा लेक लग्नाला उभा राहील तवा असंच करशील? चांगला घरात ठेवशील आनि लंगडा पाठवशील?"

माझा नवरा म्हणाला, "ती मला इथून पाठवायला तयार आहे. त्यात लंगडा-चांगला काय?" हशा झाला आणि विषय संपला.

मग ते वर्ष आलं. पोटात गाठ निघाली माझ्या, महिनोनमहिने अंगावर काढलेली. डॉक्टर म्हणाले, काढू, तपासायला पाठवू, मग कळेल. ते 'मग कळेल' बारा दिवस चाललं. मी त्या बारा दिवसांत घरभर विनोद करत फिरले. माझ्या साड्या कोणी घ्यायच्या ते जाहीर केलं, नवऱ्याला दुसरी बायको सुचवली, तिला नाव ठेवलं, तिच्याशी भांडलेसुद्धा. सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि नवस बोलल्या. सुनेचा रिपोर्ट चांगला येऊ दे, या वर्षीचा कोंबडा तुझा.

तो दरवर्षी जायचाच. पण रीत वेगळी आणि नवस वेगळा. रीत चुकली तर देवी रागावते. नवस चुकला तर ज्याच्यासाठी बोललो त्याच्यावर येतं. हे मला शेजारच्या बायकांनी सांगितलं, सासूबाईंनी कधीच नाही.

रिपोर्ट चांगला आला. मी पेढे वाटले. आणि त्याच महिन्यात पट्टीत मानमोडी आली. कोंबड्यांचा तो रोग, मान वाकडी होते, पाखरू गोल गोल फिरतं आणि पडतं. आठ दिवसांत घरचा जुना कोंबडा गेला, पिल्लं गेली, कोंबड्या गेल्या. सासूबाई रोज सकाळी पिशवी घेऊन मागे जायच्या. उरल्या चार कोंबड्या. आणि कोंबडा एकच, लाल दोऱ्याचा.

आणि काय कोंबडा होता! मी इतकी वर्षं कोंबड्यांना नाकं मुरडली, पण हा रंगमंचावर येणाऱ्या राजासारखा शेवग्याखालून यायचा. मान तांब्याची, शेपटीत हिरवी झाक, तुरा असा की न्हाव्यानं बसवलाय. दाणे टाकले की आधी स्वतः खायचा नाही. कोंबड्यांना हाक मारायचा, त्या आल्या की बाजूला उभा राहायचा. माझ्या नवऱ्याला मी ते मुद्दाम खिडकीतून दाखवायची. "बघ, याला संसार म्हणतात." तो म्हणायचा, "त्याला चार बायका आहेत. मलाही द्या, मीही बाजूला उभा राहीन."

आजारातून उठलेल्या कोंबड्यांनी अंडी बंद केली होती. जत्रा आठवड्यावर आली तेव्हा कुठे एकेकीनं पुन्हा घालायला सुरुवात केली. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, या वर्षी बाजारातला द्या. नाहीतर पुढच्या वर्षी दोन द्या. हा गेला तर सगळं संपलं."

"नवसाला पुडचं वरीस नसतं, पोरी."

"पण तुमचं माहेर..."

"माहेर गेलं तवा गेलं. तू हाय ना अजून?"

पण गप्प बसून राहणं माझ्या रक्तात नाही. मी कट केला.

सासूबाईंना गुडघ्यांमुळे डोंगर चढवत नव्हता. त्या वर्षी कोंबडा घेऊन मी आणि नवरा जाणार होतो. माझी ऑफिसातली मैत्रीण खांदेश्वरला राहते, तळमजल्यावर, मागे हातभर बाग. तिला सांगितलं, एक पाहुणा दोन-चार दिवस सांभाळ. जत्रा झाली की तो परत आणायचा, सासूबाईंना काय सांगायचं ते तेव्हा बघू. जत्रेच्या सकाळी सासूबाईंनी कोंबड्याला हळद-कुंकू लावलं, तांदूळ भरवले, त्याच्या पायावर डोकं टेकलं आणि टोपली माझ्या मांडीवर दिली. गाडी वाशीपुढे आली तेव्हा मी नवऱ्याला बेत सांगितला. तो समोर बघतच म्हणाला, "मला काही माहीत नाही. मी फक्त गाडी चालवतोय."

"मग खांदेश्वरला वळव."

त्यानं वळवली.

मैत्रिणीनं टोपली घेतली. कोंबडा बागेत उतरला, आजूबाजूला पाहिलं, आणि कोंबड्या नाहीत हे त्याला कळलं नसावं, कारण दाणे दिसताच त्यानं हाक मारली. कोणी आलं नाही. त्यानं पुन्हा मारली. मी घाईनं गाडीत बसले.

डोंगराखाली कोंबड्यांची रांग लागलेली असते विकायला. तिथे मी एक तांबडा, अंगानं भरलेला कोंबडा घेतला. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "गावठी हाय ताई, अस्सल." त्याच्या पायाला नवा लाल दोरा बांधला. देवीपुढे उभी राहून मी मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, तू शहाणी आहेस, तुला कोंबडा हवा आहे, हा घे. तुझं मानपान झालं, तिचं माहेर राहिलं, कोणाचं काय गेलं? हसतच खाली उतरले. खाली रांधलं, घरच्या मोठ्या बाईचा वाटा म्हणून तंगडी वेगळी डब्यात घातली.

संध्याकाळी सासूबाईंनी तांदळाच्या भाकरीबरोबर ती तंगडी पानात घेतली. मी समोर बसून जत्रेचं वर्णन रंगवत होते, कोण भेटलं, किती गर्दी, पार्किंगवरून नवरा कसा भांडला. त्यांनी मांस खाल्लं. मग हाड तोंडात घेतलं. त्यांचे दात थोडेच उरलेत, त्या हाड चोखतात, मोडत नाहीत. ते हाड कट्‌ करून मोडलं.

त्या थांबल्या. दोन तुकडे तळहातावर घेतले, दिव्याखाली धरले.

"माज्या कोंबऱ्याचं हाड असं मोडतं का गो?"

नवरा उठून हात धुवायला गेला. तो बराच वेळ हात धूत होता.

मी सगळं सांगितलं. सांगताना थोडा समर्थनाचा सूर लावला, तुमच्यासाठीच केलं, तुमची जात बुडू नये म्हणून केलं. त्यांनी हाडाचे तुकडे पानात ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "मी काय येडी हाय? कोंबरा गेला तरी पंदरा दिस तो कोंबरीत रातो. नऊ अंडी ठेवलीत मी तांदळाच्या डब्यात. एक कोंबरी खुडूक बसाया आलेय. तो देवीकडे गेला की उद्या बसवनार व्हती."

नऊ अंडी. एकवीस दिवस. नवांतले चार तरी कोंबडे निघाले असते.

"मग मला सांगितलं का नाही?"

"नवस फेडायच्या आदी मागं काय ठेवलं ते बोलायचं नसतं. देवीला वाटतं हात आखडला."

त्यांनी रीत पाळली म्हणून बोलल्या नाहीत. मी हुशार म्हणून बोलले नाही. एका घरात दोन बाया एकच गोष्ट वाचवत होत्या, एकमेकींपासून चोरून.

त्यांनी पान बाजूला सारलं. "उद्या जा. घेऊन ये त्याला. गावदेवीला देऊ. उशीर झाला त समजून घेईल ती. मंग अंडी बसवू."

वाट होती. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच मैत्रिणीला फोन करायला हवा होता. केला नाही. सासूनं हाडावरून पकडलं, हे तिला फोनवर सांगताना ती काय हसेल! उद्या समोर बसून, हातवारे करून सांगू असं ठरवलं. चांगली गोष्ट चांगली सांगता यावी म्हणून मी तो फोन राखून ठेवला. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट चूक कुठली असं कोणी विचारलं, तर गाठ अंगावर काढली ती नव्हे. हा न केलेला फोन.

सकाळी दहाला खांदेश्वरला पोचले. मैत्रिणीचं तोंड बघूनच कळलं.

"अगं, साडेचारला सुरू झाला. थांबेचना. पाच वाजता सोसायटीचे सेक्रेटरी दारात, लुंगीवर. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. मी काय करू? वॉचमनला म्हटलं, गावाकडे घेऊन जा, सांभाळ. मी मारला नाही गं. मी दिला."

वॉचमनचं गाव उत्तर प्रदेशात. त्यानं मान खाली घातली आणि कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानाकडे बोट केलं.

दुकानदार आनंदी माणूस होता. "मॅडम, वो सुबह ही कट गया. क्या माल था! हड्डी इतनी कडक, छुरा दो बार मारना पडा." खाली निळ्या पिंपात पिसं होती. वर पाय पडले होते, पिवळे, पिवळे, पिवळे, आणि एक जोडी निळसर. त्यातल्या एकाला लाल दोरा.

मी तो दोरा सोडवला. गाठ सासूबाईंनी मारलेली, सुटता सुटेना, दातानं सोडवली. दुकानदार बघत होता. त्याच्यासमोर मी रडले. पंचवीस वर्षं ज्याच्या आवाजाला शिव्या घातल्या त्याच्यासाठी, चिकनच्या दुकानात, ऑफिसच्या साडीत.

घरी आले तेव्हा सासूबाई मागच्या पायरीवर होत्या. घमेल्यात गवत घालून खुडूक कोंबडीसाठी जागा केली होती. मी दोरा त्यांच्या हातात दिला.

"गेला?"

"गेला."

"कोनाच्या पोटात?"

"माहीत नाही, आई."

त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग तांदळाचा डबा आणला. एकेक अंडं काढून माझ्या ओटीत ठेवलं, तांदळाची पूड लागलेलं, छोटं, बदामी रंगाचं. मला वाटलं बसवायला देतायत. मी घमेल्याकडे वळले.

"तिकडं नाय. खाडीत सोड."

"आई!"

"त्याचं देनं फिटलं नाय. तो देवीचा व्हता, देवीला पोचला नाय. त्याची पोरं माजी कशी? देवीचं खाल्लं त तुज्यावर येईल." हे पहिल्यांदा त्या माझ्यासमोर बोलल्या. "तुज्यावर आलेलं मना नको."

मी भांडले. खूप भांडले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, डॉक्टरांनी गाठ काढली, देवीनं नाही, रिपोर्ट कागदावर छापलेला आहे. दुसरा कुठलाही गावठी कोंबडा आणून देते असंही म्हटलं. "आन. पिल्लं व्हतील. पन ती माजी नसतील," त्या म्हणाल्या. आणि शेवटी, "तुजा इश्वास नसंल. माजा हाय ना? मग माज्यासाठी सोड."

संध्याकाळी गावच्या जुन्या बंदरावर गेले. भरती होती. पलीकडे टॉवरचे दिवे लागत होते, मागे खाजणात बगळे बसायला आले होते. अंडी पदरात. ताजं अंडं पाण्यात बुडतं, शिळं तरंगतं, हे मला याच बाईनं शिकवलं होतं. एकेक सोडलं. एकेक बुडलं. आठ सोडली.

नववं मी ठेवून घेतलं. खरं सांगते, ठेवून घ्यायचं घरूनच ठरवून आले होते. ब्लाउजच्या आत, अंगाच्या उबेला. घरी जाऊन गुपचूप कोंबडीखाली सरकवायचं, सासूबाईंना म्हणायचं सगळी सोडली. पुढे पिल्लू झालं की बघू. एक तरी. माझ्यासारख्या नाटकी बाईला एवढं सहज जमलं असतं. चार पावलं परत चाललेसुद्धा.

आणि पोटात, टाके होते तिथे, जरासं दुखलं. चालून चालून दुखलं असेल. रोजच दुखायचं तेव्हा. पण मी थांबले. मी, जिचा विश्वास नाही, ती तिथे उभी राहून भ्यायले. मागे फिरले आणि नववंही सोडलं. तेही बुडलं.

"सगळी?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

"सगळी."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. या वेळी त्यांना काही सापडलं नाही.

ती खुडूक कोंबडी रिकाम्या घमेल्यात एकवीस दिवस बसली. उठवलं तरी परत जाऊन बसायची. सासूबाई तिला पाणी तिथेच द्यायच्या. बाविसाव्या दिवशी ती आपली आपण उठली, अंग झटकलं, आणि दाणे टिपायला आली.

आता तीन गेल्या, एक उरली आहे. म्हातारी झाली, अंडं कधीतरीच घालते. पट्टीत साडेचारला शांत असतं. सोसायटीवाले एकदा भेटले तेव्हा म्हणाले, बरं झालं मॅडम, आता झोप लागते. मी हसून हो म्हटलं. मला लागत नाही.

सासूबाईंनी त्या दिवसापासून कोंबडी खाणं सोडलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लाल दोरा देव्हाऱ्याच्या खिळ्याला आहे. मी जोरात खोकले किंवा पाठ धरून बसले की त्या काही बोलत नाहीत. फक्त आधी माझ्याकडे बघतात, मग त्या खिळ्याकडे. मी लगेच उठून काहीतरी काम करायला लागते, मोठ्यानं गाणं म्हणत, अगदी ठणठणीत असल्यासारखी. हे नाटक मात्र मी रोज करते, आणि त्यात अजून तरी पकडली गेले नाही.